बडोद्याचे अंशुमन गायकवाड

आमच्या अक्कलकुव्याहून गुजरातची हद्द जवळच. मजुरीला कितीतरी माणसे तिकडे जातात. त्याच गुजरातेत बडोदे शहर आहे. बडोद्याचे नावाजलेले क्रिकेट खेळाडू अंशुमन गायकवाड ३१ जुलै २०२४ रोजी वारले. वय ७१. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला होता. क्रिकेटचा नाद असलेल्या जुन्या माणसांना घरचेच कुणी गेल्यासारखे वाटले.

गडी मोठा चिवट! १९७६ साली वेस्ट इंडीजमध्ये ते खेळत होते. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ८१ धावा झाल्या आणि वेगाचा चेंडू कानावर बसला. कानाचा पडदा फाटला. तरी पुढे त्यांनी क्रिकेट सोडले नाही. १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०१ धावा केल्या. त्याला ६७१ मिनिटे लागली. म्हणजे सगळे मिळून अकरा तासांहून जास्त! उन्हात तेवढी निंदणी करून पाहा, म्हणजे कळेल.

आजारपणात जुने सोबती धावून आले. कपिल देव आपले पेन्शन द्यायला तयार झाले. क्रिकेटच्या नियामक मंडळाने १ कोटी रुपये दिले.

आणि आपल्याकडे? कॅन्सर म्हटले की त्या घरचे पाणीही कुणी पीत नाही. आम्हीही एकदा अशा घरी जायला कचरलो होतो. त्याची आता लाज वाटते. हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्यानेही होत नाही.

आपल्यापाशी कोटी रुपये नाहीत, खरे. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवर ठरलेल्या दवाखान्यांत मोफत उपचार होतात. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे.