रेटिंग वाढलं, खेळ तोच!

साताऱ्याला बाबांना फोन केला, "बुद्धिबळात १२०० चा १५२० झालो!" पेढेच वाटायचे राहिले. पण मित्रहो, १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांनाच, २००० ला जेवढे कमी तेवढ्याचे ४० टक्के गुण एकदाच वाढवून दिले. १६०० वाला १७६० झाला, आमच्यातलं अंतर ४०० वरून २४० वर आलं.

आता गणित बघा. के-गुणक २०. माझा अपेक्षित गुण ०.०८ चा ०.२० झाला. म्हणजे त्याच्याशी हरलो की पूर्वी १.६ जायचे, आता ४. जिंकलो तर १८.४ ऐवजी १६ च!

सांगलीत, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात, अशांशीच तीन डाव हरलो. बारा गुण गेले. हॉस्टेलवर रूममेटने विचारलं, "किती उरलं रे?" मी गुपचूप हत्तीच्या अंत्यडावांचं पुस्तक काढलं.