धूर गाडीचा, धाप माणसाची

गेल्या हिवाळ्यात तिसरीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्या दवाखान्यात आली. महिनाभरातली ही तिची चौथी फेरी. दुपारी शाळेतून आला की खोकला, रात्री छातीत घरघर. औषध दिले की चार दिवस बरे, पुन्हा तेच. निघता निघता ती बोलून गेली, "डॉक्टर, रविवारी याला काही होत नाही बघा. दिवाळीच्या सुट्टीत तर बाटली उघडलीसुद्धा नाही."

आम्हा डॉक्टरांना पुष्कळदा निदान आईकडूनच मिळते. सुट्टीत बरा होणारा खोकला हा एक तर शाळा चुकवण्याचा बहाणा असतो, नाही तर शाळेच्या वाटेवरचा आजार. मुलाच्या छातीतील घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती, म्हणजे बहाणा नव्हता. चौकशी केल्यावर कळले की मुलगा शाळेच्या बसमध्ये अगदी मागच्या बाकावर बसतो.

त्या बसगाड्यांचे मालक रक्तदाबासाठी माझ्याकडेच येतात. दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो तो सरळ त्यांच्या आवारात गेलो. सकाळचे सव्वासहा. आठ गाड्या रांगेत उभ्या, आठही सुरू, आणि पावणेसातपर्यंत एकही जागची हलली नाही. चालक पलीकडे चहा पीत होते. आवारात उभे राहिल्यावर पाच मिनिटांत माझेच डोळे चुरचुरू लागले. याच गाड्या दुपारी शाळेच्या फाटकासमोर वीस मिनिटे तशाच सुरू राहतात आणि मुले त्या धुरातून वाट काढत आत चढतात.

मालकांना म्हटले, "हे काय चालले आहे?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सगळ्या गाड्यांची पीयूसी आहे. आणि डिझेलची गाडी, गरम नको व्हायला?"

वाचकहो, या उत्तरात आपल्या बहुतेक वाहनमालकांचे म्हणणे आले. ते तपासण्यापूर्वी या धुरात काय असते ते पाहू.

डिझेल पूर्ण जळाले तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. पण इंजिनात ते कधीच पूर्ण जळत नाही. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी होते. तिचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुळीचा मोठा कण नाकात किंवा घशात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. काजळीचा कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशापर्यंत पोचतो आणि तिथे दाह निर्माण करतो. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराचा संबंध दम्यापुरता नसून हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही आहे. काजळीबरोबर नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. ते श्वासनलिकांना आकुंचित करतात आणि दम्याच्या रुग्णाचा झटका उठवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते. जून २०१२ मध्ये 'बहुधा' हा शब्द गेला. आता तो तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या गटात आहे. या गटाचा अर्थ पुरावा पक्का आहे एवढाच. एक दिवस धूर लागला म्हणजे कर्करोग झाला असे कोणी समजू नये. प्रश्न रोजच्या धुराचा आहे.

लहान मुलांचे आणखी एक. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात २७५ शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील शाळांच्या बसना स्वच्छ इंधन आणि धूर कमी करणारी उपकरणे मिळाली, तेव्हा मुलांच्या फुप्फुसातील दाह उतरला, दमेकरी मुलांत तो अधिक उतरला, आणि शाळेतील गैरहजेरीही कमी झाली. मुलांना वेगळे औषध दिले नव्हते, औषध गाड्यांना दिले होते!

येथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील डिझेल मेकॅनिक होते. अण्णांनी पस्तीस वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त केल्या. गाडी फाटकातून आत येताच धुराच्या रंगावरून ते दुखणे ओळखत. धूर काळा, तर डिझेल न जळताच चालले आहे. एअर क्लीनर, नोझल किंवा पंप पाहा. निळा, तर इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा गेल्या. पांढरा, आणि इंजिन तापल्यावरही जात नाही, तर बहुधा पाणी आत उतरते आहे. मी जीभ, नाडी, डोळे पाहतो ते त्याच पद्धतीने.

अण्णांनी विडीला कधी हात लावला नाही. तरी साठीत त्यांना जिना चढवेनासा झाला. शेवटची चार वर्षे उशाशी तीन उशा घेऊन बसून झोपत. त्यांच्या आजाराचे कारण तो धूरच होता हे मी आज एका रुग्णापुरते सिद्ध करू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत ते सिद्ध होतही नसते. पण मुलगा डॉक्टर असून त्यांना शेडची मागची भिंत पाडून वारा खेळता करा एवढे सांगायचे मला सुचले नाही. त्या काळी मी धूर हा धंद्याचा भागच समजत होतो.

असो. मालकांच्या दोन मुद्द्यांकडे वळू.

पीयूसी असणे आवश्यक आहे, कायद्यानेही. परंतु ती तपासणी उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून, नळीतील धुराचा दाटपणा मोजून होते. भरलेली गाडी चढावर काय सोडते, किंवा धूर गाडीच्या आत येतो का, हे त्या कागदावर नसते.

आता इंजिन गरम करण्याबद्दल. चालकांशी बोलल्यावर कळले की त्यांची तीन कारणे आहेत आणि तीनही अगदी पोकळ नाहीत. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी काढता येत नाही. हे खरे, पण टाकी आणि जोड गळके नसतील तर त्याला काही मिनिटेच लागतात. टर्बोचे इंजिन लांबून आल्यावर लगेच बंद करू नये, हेही खरे. त्याला एखाद-दोन मिनिटे पुरतात. आणि डिझेलचे इंजिन उभ्याने नीट तापतच नाही. हलक्या हाताने चालवले की ते लवकर तापते. तिसरे कारण मात्र चालकांनी हळूच सांगितले. दोन-तीन गाड्यांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. एकदा बंद केली तर परत स्टार्ट होईल याची खात्री नाही, म्हणून बंदच करायची नाही! मालक बॅटरीचे पैसे वाचवत होते आणि डिझेल जाळत होते.

मग मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर हिशेब मांडला. उभ्या गाडीचे इंजिन त्याच्या आकारानुसार ताशी एक ते तीन लिटर डिझेल खाते. आपण दीड धरू. सकाळी तीस आणि दुपारी वीस, म्हणजे गाडीमागे रोज पन्नास मिनिटे. आठ गाड्यांचे मिळून दहा लिटर. शाळेचे २२० दिवस धरले तर २,२०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर एक लाख अठ्ठ्याण्णव हजार रुपये, आणि एक किलोमीटरही न जाता. लिटरभर डिझेल जळाले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे वर्षाला साडेपाच टनांहून अधिक. टनांचे मालकांना काही वाटले नाही, पण लाखाचा आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला. (त्या दिवशी रक्तदाब मोजायला नको होता.)

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. तापाच्या रुग्णाचा आपण तक्ता ठेवतो, तशी गाडीवार: किती डिझेल भरले, किती किलोमीटर झाले, लिटरला काय पडले. यात नवे काही नाही. सरकारी परिवहन महामंडळांत डिझेलच्या सरासरीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले जाते. लहान मालक मात्र आठवड्याचे एकूण बिल भागवतो, कोणती गाडी किती खाते ते पाहत नाही.

महिन्याभरात वही बोलू लागली. सात गाड्या लिटरला सातच्या आसपास, एक साडेपाच. तिचे मागचे ब्रेक चाकाला धरून राहत होते आणि एअर क्लीनर काजळीने बंद झाला होता. दोन्ही दुरुस्त झाल्यावर ती पावणेसातवर आली, काळा धूरही गेला. हीच त्या मुलाची गाडी निघाली असे लिहिता आले असते तर गोष्ट छान जमली असती, पण तसे नव्हते. मुलाच्या गाडीचे ॲव्हरेज उत्तम होते. तिच्या सायलेन्सरच्या नळीचा सांधा बरोबर मागच्या बाकाखाली फुटला होता आणि मागच्या दाराचे रबर झिजले होते. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मागून फट किंवा खिडकी उघडी असली की सोडलेला धूर पुन्हा आत ओढला जातो. सांधा बदलला, रबर बसवले.

टायरमध्ये हवा कमी ठेवणे, क्लचवर पाय ठेवून चालवणे, गाडी दामटून पुन्हा जोरात ब्रेक मारणे, टपावर नको ते ओझे वाहणे यांनी डिझेल जास्त जळते आणि तेवढा धूरही जास्त होतो, हे चालकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मालकांनी बचतीतील काही वाटा चालकांना देऊ केला, तेव्हा ते आचरणातही आले.

सरकारी पातळीवरही बरेच झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील सर्व शहरी बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस ते काम झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-सहा डिझेलमध्ये ते दहा लाखांत दहा भाग, म्हणजे हजार पटीने कमी आहे. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. पण जुन्या गाड्या एका दिवसात रस्त्यावरून जात नाहीत. मोठ्या शहरातून निघालेली गाडी पुढे आपल्याच तालुक्यात येते.

ज्यांनी नवी बीएस-सहा गाडी घेतली आहे त्यांना एक सांगणे. तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. सतत जवळच्या फेऱ्या मारल्या आणि गाडी उभीच सुरू ठेवली तर गाळणीला हवी तेवढी उष्णता मिळत नाही, ती भरते आणि दिवा लागतो. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवावी किंवा अधिकृत ठिकाणी दाखवावी. "काढून टाका, कटकट जाईल" असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून काम करणे किंवा झोपणे जिवावर बेतते. विशेषतः पेट्रोलच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड बराच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी अशी लक्षणे दिसताच माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि प्राणवायू मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. कोविडच्या वेळी घेतलेले बोटाचे ऑक्सिमीटर येथे फसवते. विषबाधा असूनही ते ९८ दाखवू शकते.

त्या मुलाचे विचाराल तर तो आता पुढच्या बाकावर बसतो. त्याचा दमा गेलेला नाही. त्याची आजीही दमेकरी होती. पंप रोज घ्यावा लागतो, पण जानेवारीनंतर रात्री उठून बसावे लागले नाही आणि नेब्युलायझरसाठी दवाखान्यात यावे लागले नाही.

वाचकांचा प्रश्न

प्रश्न: मी पंधरा वर्षे मालवाहू टेम्पो चालवतो. सकाळी काळपट कफ पडतो. तोंडाला रुमाल बांधला तर चालेल का?

उत्तर: रुमालाने रस्त्याची जाड धूळ अडते, काजळीचे बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर कण बरेच अडवतो, पण विषारी वायू त्यातून आत जातातच. दाढी असेल तर तो नीट बसतही नाही. कफ दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस पडत असेल, वजन घटत असेल किंवा कफात रक्त दिसले तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी करावा. सर्व दोष धुराला देऊन क्षयरोग अंगावर काढलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ते नसल्यास फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजण्याची तपासणी करून घ्यावी. विडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद करावी. आणि टेम्पोच्या केबिनमध्ये, पायाशी, इंजिनाच्या झाकणाची पट्टी फाटली आहे का तेवढे पाहावे.