शेवग्याचा पाला आणि तुझी ढोबळी

चि. मयुरीस,


दुकानातल्या महागड्या टॉनिकऐवजी शेवग्याच्या पाल्याचा अर्क घरीच काढून पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीवर फवारायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. जरूर कर. पण आधी चार गोष्टी ऐक.

शेवग्याच्या पानांत झिएटिन नावाचं संप्रेरक असतं. त्याने पेशी वाढीला लागतात, पान लवकर पिकत नाही. निकाराग्वात यावर प्रयोग झाले, तिथे रसाच्या एका भागाला सुमारे ३० भाग पाणी घालत. कोवळा पाला सकाळी लवकर तोड, थोड्या पाण्यात वाट, फडक्यातून पीळ आणि मग दुपदरी मलमलीतून गाळ. गाळताना आळस केलास तर निम्मा वेळ पंपाचं नोझल सुईने टोकरण्यात जाईल. हा रस ठिबकमधून सोडायचाच नाही. काढला की चार-पाच तासांत संपव, उरलेला उद्यावर ठेवू नकोस. आणि दाट रस जास्त गुण देईल हे डोक्यातून काढ. प्रमाण वाढलं की वाढ उलट खुंटते.

फवारणी सकाळीच, पडदे वर करून. पॉलिहाऊसमध्ये वारा खेळत नाही. संध्याकाळी फवारलंस तर पानं रात्रभर ओली राहतात आणि रोगाला आयतंच फावतं.

अर्क म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. भाजीच बिघडली असेल तर तिचा काय उपयोग? पानं वर वाटीसारखी वळली तर फुलकिडे बघ, खाली वळली तर कोळी. भिंग घेऊन शेंड्याचं पान उलटं करून पाहा. एप्रिल-मेच्या उकाड्यात फुलं गळतात ती तापमानाने. तिथे शेडनेट आणि फॉगर सांभाळायचे, पाला वाटत बसायचं नाही.

बाटली घ्यायचीच झाली तर लेबल वाच. फेब्रुवारी २०२१ पासून अशी उत्पादनं बायोस्टिम्युलंट म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल, पक्कं बिल देत नसतील, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, माल परत कर. नैसर्गिक म्हणून विकलेल्या बाटलीत कीटकनाशक निघालं तर तुझी मिरची तपासणीत अडकेल, त्याचं काय जाणार?

आता मुख्य काम, अर्काने खरंच फरक पडतो का ते पाहायचं. मधले चार बेड निवड, कडेचे नकोत, तिथे ऊन-वारा वेगळा लागतो. दोनांवर अर्क, दोनांवर त्याच वेळी नुसतं पाणी. खत, छाटणी सगळं सारखं. अर्काच्या बेडांना लाल सुतळी बांध, म्हणजे तोडणाऱ्या बायकांचा घोळ होणार नाही. प्रत्येक तोड्याला बेडवार वजन कर आणि वहीत लिही. एक नंबरचा माल वेगळा मोज. पानं हिरवीगार दिसतात म्हणून खूश होऊ नकोस, पैसे फळाचे मिळतात.

पहिल्या काही तोड्यांचे आकडे मला पाठव. पाला आपल्या मळ्यातून ने, पण फांद्या ओरबाडू नकोस. शेंगा धरायच्या आहेत, आणि मामी मोजून ठेवते.

तुझा,
दत्तूमामा