जुन्या जीपचे फाउंडेशन रबर : तपासणी व बदल

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांच्या कचेऱ्यांमार्फत जीप हे वाहन खेड्यापाड्यांतील लोकांच्या ओळखीचे झाले. पुढे ते शेतकऱ्यांच्या घरीही आले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सिल्लोड, वैजापूर या भागांत वीस-पंचवीस वर्षे वापरलेली जीप आजही कापसाची बोंदरी, खताच्या गोण्या आणि घरची माणसे वाहून नेताना आढळते. अशा जुन्या वाहनाच्या इंजिनाकडे व टायरांकडे मालकाचे लक्ष असते; परंतु इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी बैठकींवर टेकलेले असतात, त्यांची आठवण ती तुटल्यावरच होते. कारागीर या बैठकीस फाउंडेशन रबर म्हणतात.

विहिरीवरील ऑइल इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने घट्ट आवळलेले असते. त्याचा कंप ओटा व जमीन पचवितात. जीपच्या इंजिनाखाली जमीन नाही, चेसिस आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास ७५० फेरे या मंद गतीने चालू असता त्यात दर सेकंदास २५ स्फोट होतात. हा कंप सरळ चेसिसमध्ये उतरला तर नट ढिले होतात व पत्रा तडकतो. म्हणून इंजिन व चेसिस यांमध्ये दोन पोलादी पट्ट्यांत जखडलेले रबर बसविलेले असते. विलीज धर्तीच्या जीपमध्ये अशी तीन स्थाने असतात : दोन इंजिनाच्या पुढील बाजूस आणि एक गिअरबॉक्सखालील आडव्या पट्टीवर. इतर वाहनांत ही संख्या निराळी असू शकते. (ट्रॅक्टरमध्ये मात्र ही रबरे बहुधा शोधू नयेत. तेथे इंजिन, गिअरबॉक्स व मागील धुरा यांची जोडणी हाच सांगाडा असतो.) इंजिन रबरावर तोलून धरण्याची कल्पना १९३१ साली अमेरिकेतील प्लिमथ मोटारीने गाजविली व नंतर ती सर्वत्र पसरली.

रबराचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि तेल. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतील तपमान ४० अंशांच्या वर जाते. बॉनेटखाली ते त्याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. तेलाची तऱ्हा उलट आहे. इंजिनाचे तेल किंवा डिझेल नैसर्गिक रबरावर सतत ठिबकत राहिल्यास ते फुगते, मऊ पडते आणि पोलादी पट्टीपासून सुटते. ज्या जीपच्या इंजिनाखाली तेलाचा डाग पडतो, तिचे रबर बदलण्याआधी गळती बंद करावी. नाही तर नवे रबरही लवकरच जुन्याच्या वाटेने जाईल.

पुढील दोन रबरांवर पडणारा ताण सारखा नसतो. जीप पुढे जात असता इंजिनाचा देह फिरण्याच्या उलट दिशेस कलू पाहतो. परिणामी चालकाच्या डाव्या हाताकडील रबर ताणले जाते, उजवीकडील दाबले जाते. पहिल्या गिअरमध्ये हा जोर कित्येक पटींनी वाढतो. भरलेली जीप कन्नडच्या घाटात चढविताना डावे रबर आधीच तुटलेले असेल, तर इंजिन त्या बाजूने वर उचलले जाते. अशा वेळी पंखा रेडिएटरला घासतो, डिझेलची नळी ताणली जाते आणि सर्वांत वाईट म्हणजे ॲक्सिलरेटरचा दांडा ओढला जाऊन चालकाने पाय काढला तरी इंजिनाची गती कमी होत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. याच कारणास्तव अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीस १९७१ च्या डिसेंबरात सुमारे ६७ लाख शेव्हरोले वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली होती. खडखडाट चालवून घेणाऱ्या मालकास ग्रामसेवकांनी हे अवश्य समजावून सांगावे.

तपासणीस दोन माणसे पुरतात. बॉनेट उघडून एकाने बाजूस उभे राहावे; जीपच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये. चालकाने पायाचा ब्रेक पूर्ण दाबून दुसरा गिअर टाकावा व क्लच किंचित सोडून लगेच पुन्हा दाबावा. इंजिन थोडेसे हलणे स्वाभाविक आहे. परंतु ते अर्ध्या इंचाहून अधिक उचलले जात असेल, तर रबर सुटले आहे असे समजावे. नंतर इंजिन बंद करून पहारीच्या टोकाने बैठकीजवळ हलकेच उचकावे. रबर व पट्टी यांमध्ये फट उघडल्यास संशयाला जागा राहत नाही. गिअर सोडताना मागून ठक् असा आवाज येणे हे गिअरबॉक्सखालील रबर गेल्याचे लक्षण असू शकते.

एकच रबर तुटलेले आढळले तरी तिन्ही एकदम बदलावीत. कडक झालेल्या दोन रबरांबरोबर नवे मऊ रबर बसविले, तर सर्व हालचाल त्या एकट्यावर येते. दुकानात जाताना जुने रबर किंवा त्याचे नेमके माप सोबत न्यावे आणि उंची, बोल्टमधील अंतर व भोकांचा व्यास पडताळून पाहावा. जुन्या टायरचा तुकडा कापून खाली ठोकण्याची चाल खेड्यांत आहे. ती सोडावी. टायरमध्ये कापडाचे थर असल्याने तो कंप नीट पचवीत नाही, आणि पोलादी पट्टीस जखडलेला नसल्याने वर उचलणाऱ्या इंजिनास धरूनही ठेवीत नाही.

मृग लागण्यापूर्वीचे दिवस या कामास सोयीचे आहेत. पाऊस पडल्यावर काळ्या जमिनीत जॅक खचतो; म्हणून मुरमाची टणक, सपाट जागा किंवा फरशीचे अंगण निवडावे. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे. सकाळी, इंजिन थंड असता, प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. चारही चाकांना पुढून व मागून मोठे दगड लावावेत. पुष्कळ जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागील शाफ्टवर असतो, तेव्हा त्यावर विसंबू नये.

जीपखाली सरकण्यापुरती उंची मुळातच असते. यास्तव वाहन उचलू नये. ते चाकांवरच राहू द्यावे आणि केवळ इंजिन उचलावे. ऑइल चेंबरचा पत्रा पातळ असतो. त्याखाली रुंद, जाड फळी आडवी देऊन मगच जॅक लावावा. बैठकीवरील भार हलका होईल इतकेच, म्हणजे सुमारे अर्धा इंच, उचलावे. उचलताना पंखा, रेडिएटरच्या नळ्या व सायलेन्सरचा सांधा यांवर नजर ठेवावी आणि ताण दिसताच थांबावे. जॅकशेजारी लाकडी ठोकळ्यांचा दुसरा आधार रचावा. विटा मात्र कधीही वापरू नयेत, त्या भाराखाली एकाएकी फुटतात. रबर ओढून काढताना बोटे बैठकीच्या फटीत घालू नयेत. ते पक्कडीने काढावे.

एका वेळी एकच रबर बदलावे. गिअरबॉक्सचे रबर काढताना आडवी पट्टी सोडावी लागल्यास गिअरबॉक्सचा संपूर्ण भार आधीच फळी व ठोकळ्यांवर घ्यावा. हे काम एकट्याने करू नये. गावात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटारीचे काम शिकलेला तरुण असल्यास त्यास बोलावणे उत्तम.

नवी रबरे बसविल्यावर सर्व नट प्रथम हातानेच लावावेत. जॅक काढून, बॅटरी जोडून इंजिन दोन मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ते आपल्या जागी बसते. त्यानंतर इंजिन बंद करून नट पक्के आवळावेत व स्प्रिंग वॉशर नवेच घालावेत. विलीज जीपमध्ये क्लच दाबताना इंजिन पुढे सरकू नये म्हणून एक पोलादी तार बांधलेली असते. ती पुष्कळदा मागील दुरुस्तीत काढून टाकलेली आढळते. ती पुन्हा लावावी आणि तिचा झोल निघेल एवढीच ताणावी. पंखा व रेडिएटर यांतील अंतर पाहावे, ॲक्सिलरेटर दाबून सोडल्यावर दांडा अडखळत नाही याची खात्री करावी, आणि ५०० किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा एकदा आवळावेत.