खाण सापडली नाही तरी

खनिजाचा शोध हा नशिबाचा खेळ. त्यावर मुलांनी आयुष्य कसे काढायचे, ही पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. तपासलेल्या बहुतेक जागांवर खाण कधीच होत नाही, हे खरेच. पण भूवैज्ञानिकाचा पगार खाण सापडण्यावर ठरत नाही. जमिनीखाली काय आहे आणि काय नाही, याचा भरवशाचा पुरावा देणे हे त्याचे काम. कोट्यवधी रुपये ओतण्याआधी ‘इथे पुरेसा धातू नाही’ असे ठामपणे सांगणारा अहवाल कंपनीचे तेवढे पैसे वाचवतो.

चांदीचेच घ्या. आपल्या देशातली बहुतेक चांदी राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खाणींतून येते; राजसमंद जिल्ह्यातली सिंदेसर खुर्द ही त्यांतली एक. खडकात ही चांदी सहसा डोळ्यांना दिसतच नाही, ती टनामागे ग्रॅममध्ये मोजावी लागते. म्हणून माग काढायचा तो आडून: माथ्यावरचा गंजल्यासारखा तांबूस खडक, मातीत वाढलेले शिसे-जस्त. मग ड्रिलिंग. वर आलेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, खोक्यांत क्रमाने मांडतात. भूवैज्ञानिक तो पाण्याने ओला करतो, भिंगातून पाहतो आणि खोलीनुसार नोंदी लिहितो. मग कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा फेरतपासणीसाठी राहतो. धातूचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले काही नमुनेही मुद्दाम मध्ये घुसवतात, म्हणजे प्रयोगशाळेची चूक झाली तर उघडी पडते. या कामाला भटकंतीची हौस पुरत नाही. चिकाटी लागते, आणि नको असलेला आकडाही जसाच्या तसा लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो.

धातूंचे भाव कोसळले की कंपन्या शोधाच्या खर्चाला आधी कात्री लावतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यावर उपाय एकच, एका दारावर विसंबू नये. एम.एस्सी.नंतर संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येते. भूजल, बोगदे, धरणे यांनाही खडक वाचणारा माणूस लागतो. 2023 च्या कायदादुरुस्तीने चांदी, शिसे, जस्त, तांबे यांसह 29 खनिजांसाठी वेगळा शोध-परवाना आणला, त्यामुळे खासगी क्षेत्रालाही वाव वाढला आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बसाल्टचा, म्हणजे अशा धातूंच्या शोधाला फारसा वाव नसलेला, असला तरी शोधाच्या कामातली एमईसीएल ही सरकारी कंपनी आणि भारतीय खाण ब्युरो, दोन्हींची मुख्यालये नागपुरात आहेत. मुलींना भूमिगत खाणीत काम करायला कायद्याने असलेली बंदी 2019 मध्ये तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामांपुरती उठली. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणे मात्र कोणालाच चुकत नाही, आणि ते मुलांना आधीच स्पष्ट सांगायला हवे.

बारावी विज्ञाननंतर बी.एस्सी.ला भूशास्त्र घेता येते. प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयात वर्षाला किती दिवस फील्डवर्क होते, एवढे जरूर विचारून घ्या.