डीएसएलआरनंतरचा खिशातला कॅमेरा : निवडायची कृती

लोधिवली-मोहोपाड्याच्या पट्ट्यात फोटोला विषय शोधत हिंडावं लागत नाही. हवा स्वच्छ असली की एकीकडे इर्शाळगडाचा सुळका, दुसरीकडे कर्नाळ्याचा अंगठा, दक्षिणेला माणिकगड. मधे पाताळगंगेचा काठ, भातखाचरं आणि एमआयडीसीची धुराडी. अडचण आहे ती वजनाची. निकॉन डी५६००सारखा मधल्या आकाराचा डीएसएलआर, त्याच्या १८-५५ आणि ७०-३०० या लेन्स, एवढ्याचंच वजन किलोच्या वर जातं. बॅग, चार्जर आणि छत्री वेगळी. मग भातलावणीला किंवा हळदीला निघताना कॅमेरा घरीच राहतो आणि कपाटात पडलेल्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरते.

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२०नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे आपला जुना विकून काहीतरी सुटसुटीत घ्यावं असं अनेकांना वाटू लागलं आहे. पण थेट दुकानात जाऊन ‘चांगला कॉम्पॅक्ट दाखवा’ म्हटलं, तर दुकानदाराकडे जो शिल्लक असेल तोच चांगला ठरतो. निवडीची सुरुवात स्वतःच्या जुन्या फोटोंपासून करायची. मॉडेलचं नाव त्यानंतर.

काय लागेल

जुन्या फोटोंची हार्डडिस्क आणि कॉम्प्युटर, कागद-पेन, स्वतःचं मेमरी कार्ड, मोबाइलचा टॉर्च आणि तुम्ही एरवी घालता ती पँट किंवा खांद्याला लावता ती पर्स. एक निवांत संध्याकाळ हिशोबाला आणि एक दिवस मुंबईला. फोर्टातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा आडवारीच जा.

१. जुन्या फोटोंची मोजदाद करा

गेल्या दोन वर्षांतले फोटो उघडा, पण सगळे धरू नका. ज्यांची प्रिंट काढली, जे कुणीतरी मागून घेतले किंवा जे तुम्ही स्वतः पुन्हा पाहिले, तेवढेच घ्या. फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं डिटेल्स उघडलं की फोकल लेंथ दिसते. निकॉन असेल तर तो आकडा दीडने गुणा, कॅनन असेल तर १.६ने. कॉम्पॅक्टचे आकडेही कंपन्या याच मापात, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात सांगतात, त्यामुळे तुलना सोपी होते.

कागदावर चार रकाने आखा : ३५ मिमीपर्यंत, ३५ ते ८०, ८० ते २०० आणि २००च्या पुढे. एका फोटोला एक रेघ. रेघा बहुधा एक-दोन रकान्यांतच दाटतात. ज्या रकान्यात तुरळक रेघा असतील त्यासाठी पैसे मोजू नका.

२. फ्रेममध्ये किती मावतं ते काढा

सूत्र साधं आहे : अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंथ. येईल ती फ्रेमची रुंदी.

समजा, खंड्या दहा मीटरवर तारेवर बसला आहे. त्याची लांबी साधारण २८ सेंटिमीटर. १०० मिमीला फ्रेम ३.६ मीटर रुंद, म्हणजे पक्षी तिचा तेरावा हिस्सा. २०० मिमीला फ्रेम १.८ मीटर, पक्षी सहावा हिस्सा. ६०० मिमीला फ्रेम ६० सेंटिमीटर आणि पक्षी जवळपास निम्मा.

आता इर्शाळगड. सुळका तुमच्यापासून पाच किलोमीटर धरा. २४ मिमीला साडेसात किलोमीटरचा मुलूख फ्रेममध्ये येतो आणि गड क्षितिजावरच्या एका दाताएवढा उरतो. २०० मिमीला ९०० मीटर, म्हणजे सुळका भरून दिसतो. त्यातलं नेढं मात्र तेव्हाही ठिपकाच राहतं.

यातून एक निर्णय लगेच होतो. चौथ्या रकान्यात रेघा दाट असतील आणि सुट्टीचा दिवस कर्नाळा पक्षी अभयारण्यात जात असेल, तर डीएसएलआर विकू नका. सोनी आरएक्स१० मार्क ४ हा २४-६०० मिमीचा एकसंध कॅमेरा आहे खरा, पण तो एकटाच जवळपास १.१ किलोचा. जे ओझं उतरवायला निघालात तेच पुन्हा खांद्यावर.

३. सेन्सर आणि लेन्सचा उजेड एकत्र मोजा

कॉम्पॅक्टमध्ये प्रामुख्याने तीन मापांचे सेन्सर भेटतात.

- एपीएस-सी : साधारण २३.५ × १५.६ मिमी. बहुतेक हौशी डीएसएलआरमध्ये हाच किंवा याहून किंचित लहान असतो.
- एक इंची : १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे एक तृतीयांश.
- १/२.३ इंची : साधारण ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे तेराव्या हिश्श्याएवढं.

तिसरा प्रकार सहसा वगळा. बऱ्यापैकी महागड्या फोनचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो, त्यामुळे फक्त लांब झूम किंवा पाण्यातलं काम असेल तरच त्याचा विचार करा.

एक इंची सेन्सरबद्दल लोक उगाच बिचकतात. तुमच्याकडे डीएसएलआरसोबत आलेली किट लेन्सच असेल, तर तिचं तोंड रुंद टोकाला एफ/३.५ आणि लांब टोकाला एफ/५.६ इतकंच उघडतं. एक इंची कॉम्पॅक्टमधली एफ/१.८-२.८ची लेन्स दोन्ही टोकांना तिच्या जवळपास चौपट उजेड आत घेते. सेन्सर एक तृतीयांश, उजेड चौपट : हिशोब बरोबरीत सुटतो, किंबहुना कॉम्पॅक्टच्या बाजूला थोडा झुकतो. म्हणजे केवळ किट लेन्स वापरणाऱ्याचं संध्याकाळच्या फोटोंत काही जात नाही.

पण तुमचे आवडते फोटो ५० मिमी एफ/१.८ या लेन्सने काढलेले असतील, तर गोष्ट वेगळी. चेहऱ्यामागची ती विरघळलेली पार्श्वभूमी एक इंची सेन्सरवर मिळणार नाही. तुम्हाला एपीएस-सी कॉम्पॅक्टच पाहावा लागेल, आणि तिथेही ती तितकी विरघळणार नाही.

४. आता मॉडेलची नावं काढा

*पहिला रकाना दाट असेल तर :* रिको जीआर ३. एपीएस-सी सेन्सर, २८ मिमी एफ/२.८ची एकच लेन्स, वजन २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो. झूम नाही, फ्लॅश नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. रेघा ४०च्या आसपास असतील तर ४० मिमीचा जीआर ३एक्स.

*पहिला आणि दुसरा दोन्ही दाट असतील तर :* कॅनन जी७ एक्स मार्क ३. एक इंची सेन्सर, २४-१०० मिमी, एफ/१.८-२.८, वजन ३०४ ग्रॅम. फ्लॅश आहे, व्ह्यूफाइंडर नाही. धबधब्याचं पाणी रेशमी दिसावं म्हणून शटर लांबवायला उजेड अडवणारा एनडी फिल्टर आतच बसवलेला आहे. पावसाळ्यात खोपोलीकडे जाणाऱ्यांना तो उपयोगी.

*तिसऱ्या रकान्यातही रेघा असतील तर :* सोनी आरएक्स१०० मार्क ७. एक इंची सेन्सर, २४-२०० मिमी, वजन ३०२ ग्रॅम. व्ह्यूफाइंडर वर उचलून उघडतो. लेन्स मात्र एफ/२.८-४.५, म्हणजे वर काढलेली बरोबरी इथे टिकत नाही. लांब झूम हवा तर उजेडावर पाणी सोडावं लागतं.

*एकाच लेन्सवर समाधान आहे आणि बजेटही आहे :* फुजीफिल्म एक्स१०० ६. एपीएस-सी, ३५ मिमी एफ/२, ४० मेगापिक्सेल, चांगला व्ह्यूफाइंडर. वजन ५२१ ग्रॅम असल्याने हा खिशात बसत नाही, गळ्यात अडकवावा लागतो.

*पाणी आणि चिखल हाच विषय असेल तर :* ओएम सिस्टिम टफ टीजी-७. सेन्सर १/२.३ इंची, पण १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि सुमारे दोन मीटरवरून पडला तरी तगतो. लावणीच्या खाचरात उभं राहून फोटो काढायचे तर बिनघोर. अंधार पडला की याचं काम संपलं.

५. पावसाचा वेगळा विचार करा

वरच्यांपैकी जीआर, जी७ एक्स आणि आरएक्स१०० यांना पावसापासून संरक्षण नाही. एक्स१००ला आहे, पण लेन्सवर वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावरच. शिवाय झूम कॉम्पॅक्टची लेन्स चालू केली की बाहेर येते आणि आत जाताना अंगावरचा ओलावा व धूळ आत ओढू शकते. म्हणून बंद करण्यापूर्वी लेन्सची नळी सुती रुमालाने टिपा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडला की काच धुकटते, म्हणून अर्धा तास तो पिशवीतच राहू द्या.

घरी कॅमेरा चामडी कव्हरात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करा. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. डीएसएलआरची लेन्स काढून साफ करता येते, कॉम्पॅक्टची तशी निघत नाही. त्यात बुरशी शिरली की अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.

नवा कॅमेरा पाहायला भर पावसात इर्शाळगडाच्या अंगावर चढू नका. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडीच गाडली गेली. गडाचा फोटो खालून, महामार्गाच्या बाजूने घ्या. लेन्सची परीक्षा तिथेही होते.

६. दुकानात हातात घेऊन पाहा

पनवेलहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला जाते आणि समोरच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं चालत गाठता येतात. तिथे हा क्रम ठेवा.

1. बंद कॅमेरा खिशात घालून बसा-उठा. टोचला तर तो घरीच राहणार.
2. एका हाताने चालू करून फोटो घ्या. अंगठा चुकून कुठल्या बटणावर पडतो ते बघा.
3. स्वतःचं कार्ड घालून दुकानदाराच्या परवानगीने दारात या. उन्हात स्क्रीन दिसते का पाहा. नाही दिसली, तर व्ह्यूफाइंडरवाल्या मॉडेलकडे वळा.
4. महापालिकेच्या किंवा सीएसएमटीच्या दगडी दर्शनी भागाचा सरळ समोरून फोटो घ्या. दगडांच्या सांध्यांच्या रेघा चारही कोपऱ्यांत सारख्या ठसठशीत असाव्यात. एकच कोपरा पुसट आला तर लेन्स वाकडी बसली आहे. दुसरा नग मागा.
5. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा नग बिघडला की ती बचत दुरुस्तीत जाते.

७. सेकंडहँड असेल तर आणखी तीन तपासण्या

लेन्समध्ये टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. मग अ‍ॅपर्चर शक्य तितकं बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या. काळे डाग आले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि ती घरी निघत नाही. शेवटी झूम चार-पाच वेळा आत-बाहेर करा. मोटर कुरकुरली किंवा नळी हलली तर परत द्या.

८. घरी आणल्यावर सेटिंग

आयएसओ ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा ३२००. शटर १/१२५च्या खाली जाऊ देऊ नका. हळदीत नाचणारी माणसं त्याहून हळू शटरला पुसट येतात. रॉ आणि जेपेग दोन्ही साठवा.

जीआर घेतला असेल तर स्नॅप फोकस २.५ मीटरवर आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवा. साधारण दीड ते बारा मीटरपर्यंतचं सगळं नीट येतं आणि फोकसची वाट पाहावी लागत नाही. दहीहंडीच्या गर्दीला एवढं पुरतं.

कॅमेरा लहान झाला म्हणून विचारल्यावाचून फोटो काढायची मुभा मिळत नाही. कातकरी किंवा ठाकर वाडीत गेलात तर आधी बोला, मग खिशात हात घाला, आणि प्रिंट पोचवायचं कबूल केलंत तर ती पोचवा.

९. डीएसएलआर शेवटी विका

नव्या कॅमेऱ्यावर एक सण आणि एक लग्न काढून होईपर्यंत जुना विकू नका. विकताना बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या दाखवा. बॉडीचा भाव लवकर पडतो, चांगल्या लेन्सचा टिकतो. घेणारा शटर काउंट विचारेलच. निकॉनच्या ताज्या फोटोच्या एक्झिफ माहितीत तो सापडतो, तेव्हा आधीच काढून ठेवा. मेन्यूमध्ये मालकाचं नाव घातलं असेल तर पुसा, कार्ड काढून घ्या.

आलेल्या पैशातून पहिली खरेदी दुसऱ्या बॅटरीची करा. जीआर ३ एका चार्जमध्ये कंपनीच्याच मोजणीने सुमारे २०० फोटो देतो, जी७ एक्स आणि आरएक्स१०० अडीचशेच्या आसपास. डीएसएलआरची सवय लागलेल्या माणसाला वरातीच्या ऐन मध्यावर हा फरक कळतो.