कॉलेजच्या लॅबमध्ये लागलेला शोध: मालक कोण आणि धंदा कोणाचा?



मागच्या व्हिडिओत आपण ट्रेडमार्क बघितला. त्यानंतर सांगली भागातल्या एका मुलाने मला प्रश्न पाठवला. आजचा धडा त्या प्रश्नावरच आहे, कारण असा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांसमोर येणार आहे.

मुलगा इंजिनिअर आहे. घरी हळदीचं काम. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये त्याने हळद पॉलिश करायचं छोटं मशीन बनवलं. हळकुंडं बारीक असोत की जाड, ड्रमच्या आतली जाळी त्याप्रमाणे बसवता येते. मशीन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनलं, मार्गदर्शन सरांचं, थोडा खर्चही कॉलेजचा. आता त्याला ते विकायचंय. बँकेत कर्जाची फाईल टाकलीय. आणि कॉलेज म्हणतंय, "पेटंट आमच्या नावावर होईल." त्याचा प्रश्न एकाच ओळीचा: "सर, मशीन माझं की कॉलेजचं?"

उत्तराकडे जाण्याआधी तीन खऱ्या गोष्टी बघू. तिन्ही विद्यापीठात घडलेल्या आहेत.

गोष्ट पहिली: गुगलच्या मालकांनीही लायसन्स घेतलं

लॅरी पेज स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करत होता. कोणतं वेबपेज महत्त्वाचं, हे त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरवायची पद्धत त्याने तिथे शोधली. तिचं नाव पेजरँक. १९९८ मध्ये पेटंटचा अर्ज झाला, २००१ मध्ये पेटंट मिळालं. त्यावर शोधक म्हणून नाव पेजचं, पण मालक म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाचं.

म्हणजे गुगल कंपनीला स्वतःच्याच संस्थापकाची कल्पना वापरायला विद्यापीठाकडून लायसन्स घ्यावं लागलं. नव्या कंपनीकडे रोख पैसा कुठला? विद्यापीठाने मोबदल्यात शेअर घेतले, सुमारे १८ लाख. २००५ मध्ये ते विकून विद्यापीठाला ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, शोधक आणि मालक हे दोन वेगळे शब्द आहेत. दोन, मालकी विद्यापीठाची असली म्हणून शोधकाचा धंदा बुडत नाही. लायसन्स नीट असलं की पुरे.

गोष्ट दुसरी: आधी नको म्हटलं, मग कोर्टात गेले

१९६५ साल, फ्लोरिडा विद्यापीठ. फुटबॉलचे खेळाडू उन्हात खेळून गळून जात. संघाच्या एका प्रशिक्षकाने तिथल्या मेडिकल कॉलेजच्या डॉ. रॉबर्ट केड यांना विचारलं, "मॅचमध्ये मुलांना लघवीला का होत नाही?" डॉक्टर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. घामातून पाणी आणि क्षार इतके जातात की लघवीला काही उरतच नाही, हे त्यांनी दाखवलं. पाणी, मीठ, साखर असं पेय बनवलं. चव भयंकर! केड यांच्या पत्नीने सुचवलं, लिंबाचा रस घाला. विद्यापीठाच्या संघाचं नाव 'गेटर्स', म्हणून पेयाचं नाव गेटोरेड.

केड यांनी हक्क आधी विद्यापीठाला देऊ केले होते. विद्यापीठाने रस दाखवला नाही. मग त्यांनी एका खाद्य कंपनीशी करार केला, पेय तुफान चाललं, आणि तेव्हा विद्यापीठाला आठवलं की हा शोध आपल्या लॅबमधला! संशोधनात सरकारी अनुदान होतं, त्यामुळे सरकारही हक्क सांगू लागलं. काही वर्षं कोर्टकचेरी झाली. शेवटी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तडजोड झाली आणि रॉयल्टीतला २० टक्के वाटा विद्यापीठाला मिळाला. तेव्हापासून विद्यापीठाने त्यातून २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावलेत.

मंडळी, इथे वाईट कोणीच नव्हतं. कागद नव्हता, एवढंच. "नको" हे उत्तरसुद्धा लेखी घ्यावं, हा या गोष्टीचा धडा. संस्था म्हणाली की आम्हाला पेटंट घ्यायचं नाही, तर तेवढंच सहीशिक्क्यासह घ्या. धंदा चालायला लागला की तोच कागद तुम्हाला वाचवतो.

गोष्ट तिसरी: हळदीचं पेटंट

ही आपल्या घरातली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडे पोराचं गुडघं फुटलं की आजी डब्यातून हळद काढते, त्याचं पेटंट!

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. पण "आमची आजी हे करते" असं सांगून पेटंट ऑफिस ऐकत नाही, लेखी पुरावा लागतो. म्हणून जुने संदर्भ गोळा केले, त्यात १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय मासिकात छापून आलेला लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने आपलं म्हणणं मान्य केलं आणि पेटंटचे दावे फेटाळले.

का फेटाळले? कारण पेटंटची पहिली अट: गोष्ट नवी हवी. जगात कुठेही आधी छापलेली, दाखवलेली, वापरलेली असेल तर ती नवी नाही. आपल्या कायद्यातही आणखी दोन अटी आहेत. त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचेल इतकी ती साधी नसावी, आणि उद्योगात तिचा उपयोग व्हावा. शिवाय पारंपरिक ज्ञानावर भारतात पेटंट मिळतच नाही. त्यामुळे आजीच्या काढ्याचं पेटंट घ्यायच्या मागे लागू नका. तिथे ब्रँड करा, पॅकिंग करा, गुणवत्ता सांभाळा.

आता आपल्या सांगलीच्या मुलाचं काय?

मी त्याला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे मशीन तू कोणाला दाखवलंस का?" तो आनंदाने म्हणाला, "हो सर! यूट्यूबवर टाकलंय, ड्रम उघडून जाळी पण दाखवलीय. लोकांना खूप आवडलं."

मी डोक्याला हात लावला.

अर्ज करण्याआधी जी गोष्ट जगासमोर आली, ती कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. मग दाखवणारे तुम्ही स्वतः का असेनात! आपल्या कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती मोजक्याच ठिकाणी: सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध, अशा गोष्टींना. यूट्यूबच्या व्हिडिओला नाही, गावच्या कृषी मेळाव्यालाही सहसा नाही.

म्हणजे गंमत बघा. कॉलेज आणि हा मुलगा ज्या पेटंटवरून महिनाभर बोलत नव्हते, ते जाळीचं पेटंट बहुतेक आता कोणालाच मिळणार नाही. ना त्याला, ना कॉलेजला. आणि उद्या शेजारच्या वेल्डरने तशी जाळी बनवली तर त्यालाही अडवता येणार नाही.

सगळं संपलं का? नाही. त्याने ड्रमचा वेग आपोआप कमी-जास्त करायची एक जोडणी केली होती, ती व्हिडिओत कुठेच नव्हती. ती वाचवता येण्यासारखी आहे. मग आम्ही पुढचा रस्ता ठरवला:

१. तोंड बंद. ती जोडणी आता कोणालाही दाखवायची नाही. दाखवावीच लागली, तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही.

२. कॉलेजची बौद्धिक संपदेची पॉलिसी लेखी मागायची. कायद्यानुसार पहिला हक्क खऱ्या शोधकाचा असतो. पण प्रवेशाच्या वेळी किंवा प्रोजेक्टच्या फॉर्मवर आपण काय सही केलीय, हे कोणी वाचत नाही. ते वाचा. पॉलिसीत संस्थेचं सामान, पैसा, लॅब वापरल्यास मालकी संस्थेची किंवा दोघांची असं लिहिलेलं असू शकतं.

३. शोधकांची नावं खरी टाकायची. सरांनी खरंच डोकं लावलं असेल तर सरांचं नाव हवंच. फक्त पद मोठं म्हणून कोणाचं नाव घालायचं नाही, आणि रुसवा म्हणून कोणाचं गाळायचंही नाही.

४. प्रोव्हिजनल अर्ज लगेच. तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तपासणीची फी वेगळी आणि पेटंट एजंटची फी त्याहून वेगळी, ती आधीच विचारून घ्या.

५. मालकीवर भांडायचं नाही, लायसन्स मागायचं. पेटंट कॉलेजच्या नावावर गेलं तरी चालेल, पण बनवायचा आणि विकायचा हक्क मला लेखी हवा, असं म्हणायचं.

लायसन्सच्या करारात काय बघायचं?

साधारणपणे दोन भाग असतात: सुरुवातीची एकरकमी रक्कम आणि विक्रीवर रॉयल्टी. आता हिशोब मांडू, आकडे समजण्यापुरते.

समजा मशीनची किंमत ४०,००० रुपये आणि रॉयल्टी ३ टक्के. एका मशीनला १,२०० रुपये. वर्षाला ५० मशीन विकली तर ६०,००० रुपये. पण करारात नुसतं "विक्रीच्या रकमेवर" लिहिलं आणि समोरच्याने १८ टक्के जीएसटी धरून ४७,२०० वर हिशोब केला, तर रॉयल्टी १,४१६ होते. एका मशीनमागे २१६ रुपये जास्त, ५० मशीनमागे १०,८०० रुपये! म्हणून "कर आणि वाहतूक वगळून" हे शब्द लिहून घ्या.

आणखी पाच प्रश्न विचारा:

- लायसन्स फक्त मला, की इतरांनाही? फक्त मला असेल तर महाग पडेल, पण स्पर्धा कमी.
- कुठल्या भागासाठी आणि किती वर्षांसाठी?
- पेटंट चालू ठेवायची वार्षिक फी कोण भरणार? पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं, पण फी चुकली तर त्याआधीच संपतं.
- मी पुढे सुधारणा केली तर ती कोणाची?
- संस्था मला किती दिवस शिकवणार? हे फार महत्त्वाचं. लॅबमध्ये एक किलोला जे जमतं ते कारखान्यात शंभर किलोला जमेलच असं नाही.

ज्यांच्याकडे स्वतःचा शोध नाही त्यांच्यासाठी

मंडळी, हा धडा फक्त इंजिनिअरसाठी नाही. शोध दुसऱ्याचा आणि धंदा तुमचा, असंही होतं, आणि ते अगदी सन्मानाचं काम आहे. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी पावडर बनवायचं तंत्र म्हैसूरच्या सीएफटीआरआयने तयार केलं, बाजारात नेलं अमूलने. विदर्भात गावोगावी बायाबापड्या ज्या मिनी दाल मिलवर डाळ करून विकतात, ती अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची देणगी आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत शेतमाल प्रक्रियेवर संशोधन चालतं. तिथे जाऊन "उद्योजकाला देण्यासारखं कोणतं तंत्रज्ञान आहे?" असं विचारायला पैसे लागत नाहीत.

अजून एक गोष्ट. पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत पेटंट आहे, भारतात अर्जच केलेला नाही, तर भारतात ते तंत्र वापरायला, इथे बनवून इथेच विकायला, त्या पेटंटची अडचण नाही. २० वर्षं उलटलेलं पेटंट तर सगळ्यांसाठी खुलं. आपल्या पेटंट ऑफिसच्या 'इनपास' या साइटवर आणि गुगल पेटंट्सवर हे फुकट शोधता येतं. पेटंटमध्ये आकृतीसकट सगळी कृती लिहावी लागते, त्यामुळे ते नव्या उद्योजकासाठी शिकण्याचं पुस्तकच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या धंद्याशी संबंधित तीन पेटंट शोधा. प्रत्येकाचं लिहा: शोधक कोण, मालक कोण, अर्जाची तारीख काय, भारतात आहे का, अजून चालू आहे का. तीन पेटंट, पाच रकाने, एक कागद. एवढं केलंत तर "पेटंट म्हणजे वकिलांचं काम" ही भीती निघून जाईल.

आणि हो, सांगलीचा तो मुलगा. कॉलेजच्या सरांबरोबर बसून दोघांच्या नावाने वेगाच्या जोडणीचा प्रोव्हिजनल अर्ज गेलाय. लायसन्सचा मसुदा कॉलेजकडे आहे, अजून सही झालेली नाही. बँकेच्या फाईलमध्ये आम्ही "पेटंट आहे" हे वाक्य खोडून "पेटंटसाठी अर्ज केला आहे" असं लिहिलं. पेटंट मिळालेलं नसताना मिळालं म्हणण्याला कायद्यात दंड आहे, आणि बँकेशी खोटं बोलून सुरू केलेला धंदा टिकत नाही.

नवीन काही सुचलं की आधी अर्ज, मग व्हिडिओ. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भेटू पुढच्या धड्यात. काम करत राहा!